शेजारच्यांचा सण: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात सहज लिहिलं होतं की मुंबईतल्या सणांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे प्रश्न आले की संपादकांना एक पान जास्तीचं द्यावं लागलं. माझी लायकी म्हणाल तर एवढीच की माहेर गिरगाव आणि सासर माहीम, म्हणजे लहानपण ढोल-ताशात गेलं आणि लग्नानंतर दर बुधवारी चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेची गर्दी आणि डिसेंबरात उरुसाचे पाळणे. पंडित वगैरे नाही हं मी. जे बघितलंय आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून कळलंय तेच सांगते.

प्रश्न: ताई, 2023 पासून अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्रच येतायत, दर वेळी सुट्टी इकडची तिकडे होते आणि गावी जायचं तिकीट काढलं की पंचाईत. हे आता कायम असंच राहणार का?
*एक वाचक, मीरा रोड*

नाही राहणार, तिकीट काढा बिनधास्त. पण हे का झालं ते फार मजेशीर आहे म्हणून जरा नीट सांगते.

आपला महिना आणि त्यांचा महिना, दोन्ही चंद्राचेच. फरक एवढाच की त्यांचा महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे आपल्या अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी, त्यामुळे त्यांच्या रबीउल अव्वल महिन्याची 12 तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, आणि आपल्या भाद्रपदाची शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी, साधारण एकाच सुमारास पडू शकतात. मग दर वर्षी का नाही पडत? तर अधिक महिन्यामुळे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा 11 दिवसांनी छोटं, आपण दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून ते भरून काढतो, त्यांच्या हिजरी कॅलेंडरमध्ये अशी भरपाई नाही, म्हणून रमझान कधी मे महिन्याच्या उन्हात येतो तर कधी थंडीत. आता बघा, 2023 ला अधिक श्रावण आला आणि त्यानंतरचा अधिक महिना थेट 2026 चा ज्येष्ठ. मधल्या काळात दोन्ही कॅलेंडरं हातात हात घालून चालली, म्हणून त्यांचा रबीउल अव्वल आणि आपला भाद्रपद तीन वर्षं जोडीने आले.

2023 ला तर दोन्ही 28 सप्टेंबरलाच होते. तेव्हा मुस्लिम संघटनांनी बसून ठरवलं की जुलूस, म्हणजे ईदची मिरवणूक, दुसऱ्या दिवशी काढायचा, सरकारनेही सुट्टी 29 ची केली. 2024 ला ईद 16 ला, विसर्जन 17 ला, जुलूस 18 ला निघाला. 2025 ला ईद 5 सप्टेंबरला, विसर्जन 6 ला, जुलूस 8 ला. काही लोकांनी लगेच कोण झुकलं कोण नाही असले मेसेज फिरवले, मला अशा मेसेजचा फार वैताग येतो, कारण ज्याने विसर्जनाची रात्र रस्त्यावर काढलीय त्याला माहितीय की प्रश्न रस्त्याचा आणि पोलिसांच्या झोपेचा आहे. लालबागचा राजा मंडपातून निघतो तो भायखळा, नागपाडा, दोन टाकी करत गिरगाव चौपाटीला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतो, भायखळ्याला फायर ब्रिगेडवाले सलामी देतात, आणि खिलाफत हाऊसवरून निघणारा ईदचा जुलूससुद्धा त्याच भायखळ्याचा. एकाच रस्त्यावर एकाच दिवशी दोन्ही कसं होणार? ज्यांचं त्यांनी ठरवलं आणि शहाणपणाने ठरवलं.

2026 च्या अधिक ज्येष्ठाने ही जोडी सुटते. ईद ऑगस्टच्या शेवटाला आणि अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, चांगला महिन्याभराचा फरक. पुन्हा अशी गाठ पडायला बत्तीस-तेहतीस वर्षं जातील, तोपर्यंत तुम्ही रिटायर झालेले असाल आणि सुट्टीचं टेन्शन दुसऱ्या कुणाला असेल.

प्रश्न: मी नाशिकची, नोकरीसाठी बांद्र्याला पीजीमध्ये राहते. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते तेव्हा रूममेट म्हणाली चल. मी हिंदू, मेणबत्ती लावली तर चालते का? आणि ते मेणाचे हातपाय कशाला विकतात, मला बघून जरा भीतीच वाटली.
*एक वाचक, बांद्रा*

अगं चालते काय, तिथे रांगेत उभी राहिलीस तर तुझ्या पुढे-मागे निम्म्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र दिसेल. कोळी लोक त्या देवीला मोत माउली म्हणतात. मूर्ती एकदा समुद्रात गेली होती आणि ती कोळ्यांच्याच जाळ्यात परत आली अशी गोष्ट सांगतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ती समुद्रातली आई, चर्च कुणाचं हा प्रश्न त्यांना पडतच नाही. आताची इमारत 1904 ची आहे पण जागेची श्रद्धा त्याहून कितीतरी जुनी.

तारखेचं असं की 8 सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस आणि त्यानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. 2025 ला ती 14 सप्टेंबरला सुरू झाली. शनिवार-रविवार टाळ, खरंच टाळ, त्या चढावर मुंगीला जागा नसते. मंगळवार-बुधवार सकाळी जा, आणि रिक्षाने चर्चपर्यंत जायचा हट्ट नको, जत्रेत रस्ते बंद करतात, खाली उतरून चालत चढ.

मेणाच्या वस्तू म्हणजे नवस गं. पाय दुखतो तर मेणाचा पाय, घर हवंय तर मेणाचं घर, मूल हवंय तर बाळ. विमान पण मिळतं, ते कशासाठी ते तुझं तू ओळख. भीती कसली त्यात, आपण नवसाला चांदीचे डोळे, पाळणे वाहतोच की. तिथले स्वयंसेवक सांगतात कुठे ठेवायचं, तिथे ठेवायचं आणि पुढे सरकायचं.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेव. मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असेल आणि लोक रांगेने पुढे जाऊन फादरकडून छोटी पांढरी चकती घेत असतील तर त्या रांगेत जाऊ नकोस. तो आपल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही, कॅथलिक झालेल्यांनीच घ्यायचा असतो. मी पहिल्यांदा माहीमच्या सेंट मायकेलला गेले तेव्हा हात पसरून उभी राहणारच होते, शेजारणीने पदर ओढून मागे घेतलं. अजून आठवलं की कसंतरी होतं. बसून राहिलीस तर कुणी काही म्हणत नाही.

आणि खाली येताना खाजं घे. गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या, गोव्याकडचे लोक विकायला बसतात, दात सांभाळून.

प्रश्न: आमचे बॉस पारशी आहेत. ऑगस्टमध्ये मी अख्ख्या ऑफिससमोर ‘हॅपी पतेती सर’ म्हटलं, ते थँक्यू म्हणाले पण हसले विचित्र. माझं काय चुकलं?
*एक वाचक, ठाणे*

तुमचं एकट्याचं नाही, अख्ख्या महाराष्ट्राचं चुकतं, कॅलेंडरवरसुद्धा पतेती असंच छापतात. पतेती म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस, पतेत ही प्रायश्चित्ताची प्रार्थना, वर्षभरात जे काही चुकलं त्याची माफी मागायची. दुसरा दिवस नवं वर्ष. म्हणजे तुम्ही बॉसना ‘पश्चात्तापाच्या हार्दिक शुभेच्छा’ दिल्यात. हसतील नाहीतर काय! पुढच्या वर्षी नवरोज मुबारक म्हणा. आणि 21 मार्चला पण नवरोज असतो, जमशेदी नवरोज, तो वेगळा, त्या दिवशीही तेच म्हणा. ऑगस्टचा दिवस हळूहळू मागे सरकतो कारण त्यांच्या त्या कॅलेंडरात बरोब्बर 365 दिवस, लीप वर्ष नाही, 2023 ला 16 ऑगस्टला होता, 2024 पासून 15 ला आला.

अग्यारीत, म्हणजे पारशांच्या देवळात, बोलावलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तिथे पारशी-इराणी सोडून कुणालाच आत जाता येत नाही. जेवायला बोलावलं तर मात्र एक मिनिट विचार न करता जा.

प्रश्न: आम्ही कलिनाला नवीन फ्लॅट घेतला. खालच्या गावठाणातले ख्रिश्चन शेजारी घरात मराठी बोलतात, आणि जरा वेगळंच मराठी. हे लोक मराठी कधी शिकले?
*एक वाचक, कलिना*

तुमचा टॉवर यायच्या कैक शतकं आधी. राग नका मानू पण हा प्रश्न वाचून मी चहा सांडला.

ते ईस्ट इंडियन. साष्टी, वसई, मुंबईची बेटं इथले मूळचे राहणारे, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, भाषा घरातली तीच राहिली. नावाची गंमत अशी की राहतात पश्चिम किनाऱ्यावर आणि म्हणवतात ईस्ट इंडियन. ब्रिटिशांच्या वेळी गोव्याहून, मंगळूरहून कॅथलिक लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत यायला लागले, तेव्हा आपण इथलेच, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातले, हे वेगळं दिसावं म्हणून 1887 ला, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या साली, त्यांनी असोसिएशन काढली आणि हे नाव घेतलं.

त्यांच्या लग्नाला बोलावणं आलं ना तर आदल्या दिवशीच जा. ‘उंबराचा पानी’ असतो. नटलेल्या बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, घुमट, म्हणजे मडक्याचं वाद्य, वाजतो, मराठी गाणी, आणि ते बघताना तुम्हाला आपल्या हळदीची आठवण नाही आली तर मला कळवा. ऑक्टोबरात आगेरा, म्हणजे नवं पीक आलं की भाताच्या लोंब्या चर्चला नेऊन आशीर्वाद घ्यायचा, आता कलिनात शेत कुठलं उरलंय, पण लोंब्या कुठून तरी आणतात आणि आगेरा करतात. मला वाटतं हा मुंबईतला सगळ्यात हट्टी सण आहे. शेत गेलं, सण नाही गेला.

एप्रिल-मेमध्ये गावठाणातून मसाल्याचा खकाणा आला तर तक्रार करायला सोसायटीच्या ग्रुपवर जाऊ नका, तो बॉटल मसाला. उन्हात वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, वर्षाचा. आपण काळा मसाला करतो तसंच ते. उलट एक बाटली मागा.

आणि मराठी बोलणारे ज्यूपण आहेत बरं का, बेने इस्राएल, रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी आपल्या कोकणातल्या गावांवरून आडनावं. नवस फेडायला गोड पोह्यांचा मलिदा करतात, नारळ घालून, वर फळं मांडून. मशीद बंदर स्टेशन आहे ना, त्याचं नाव तिथल्या 1796 च्या त्यांच्या प्रार्थनास्थळावरून पडलं असं सांगतात, लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. रोज लोकलने जाताना आपण ज्यूंच्या देवळाचं नाव घेतो आणि पत्ता नसतो.

प्रश्न: 6 डिसेंबरला शिवाजी पार्कला एवढी गर्दी होते की आम्हाला घराबाहेर पडता येत नाही. शिवाय ऑफिसमधल्या एकाला मी त्या दिवशी शुभेच्छांचा स्टिकर पाठवला तर तो नाराज झाला. नक्की काय करायचं?
*एक वाचक, दादर पश्चिम*

दोन वेगळे प्रश्न आहेत. स्टिकरचं आधी. 6 डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन, 1956 ला बाबासाहेब दिल्लीत गेले आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तिथेच चैत्यभूमी. कुणाच्या आजोबांच्या श्राद्धाला आपण फुलं-फुगेवाला स्टिकर पाठवतो का? ‘विनम्र अभिवादन’ लिहायचं, जय भीम म्हणायचं, बास. शुभेच्छा द्यायच्याच तर 14 एप्रिल आहे, दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. त्या कलीगला सॉरी म्हणा, कळलं नव्हतं म्हणा, माणसं समजून घेतात.

आता गर्दी. मी पण दादरला रोज भाजीला जाते, मला पण त्या दिवशी वळसा पडतो. पण गणपतीत, दिवाळीच्या खरेदीला हीच दादरची फुटपाथ दिसत नाही आठ-आठ दिवस, तेव्हा आपण त्याला उत्साह म्हणतो आणि 6 डिसेंबरला गर्दी म्हणतो, एवढं आपल्याशीच कबूल केलं तरी पुष्कळ झालं. विदर्भ-मराठवाड्यातून लोक रेल्वेने, एसटीने रात्रभर बसून येतात, रांगेत तासन् तास उभे राहतात, आणि परत जाताना हातात काय असतं बघितलंय का? पुस्तकं. पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर जी झुंबड असते तशी मी साहित्य संमेलनातही क्वचितच बघितलीय. पन्नास रुपयाचं पुस्तक घेताना आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेले पैसे काढणाऱ्या आजी मी पाहिल्यात. पुढच्या वेळी घरात अडकून बसण्यापेक्षा तासभर त्या स्टॉलवर चक्कर मारा, आणि जमलं तर बिल्डिंगच्या गेटवर प्यायच्या पाण्याचा पिंप ठेवा. आमच्या नात्यातले एक दादरकर दर वर्षी ठेवतात.

प्रश्न: माहीमच्या बाबांच्या उरुसात पोलीसच चादर घेऊन बँड लावून जाताना पाहिले. सरकारी पोलीस दर्ग्याला कसे काय?
*एक कॉलेजवयीन वाचक, माटुंगा*

अरे, ती जुनी पद्धत आहे, पहिला मान माहीम पोलीस स्टेशनचा. मखदूम अली माहिमी हे पंधराव्या शतकातले मोठे विद्वान (1372 ते 1431), कुराणावर अरबीत भाष्य लिहिलेले. दर्गा आणि पोलीस स्टेशन जवळजवळ, आणि पोलिसांत पिढ्यान् पिढ्या अशी श्रद्धा की बाबा आपल्याला सांभाळतात. युनिफॉर्ममधले अधिकारी डोक्यावर संदल, म्हणजे दर्ग्याला वाहायचं चंदन, घेऊन चालतात, बँड वाजतो, आणि त्यात हिंदू अधिकारीही असतात. कायद्याच्या पुस्तकात हे बसतं की नाही ते वकिलांना विचार. मला विचारशील तर दसऱ्याला पोलीस स्टेशनात शस्त्रपूजा होते, ती जशी चालते तसंच हे.

दहा दिवस चालतं हे डिसेंबरात. माहीमच्या चौपाटीवर आकाशपाळणे लागतात, आमच्या गॅलरीतून दिवे दिसतात, आणि आवाज... असो, आवाजाचा प्रश्न खाली आलाच आहे.

प्रश्न: आमच्या सोसायटीत गुजराती गरबा, बंगाली पूजा, आमचा गणपती, ख्रिसमस पार्टी सगळं होतं, आणि प्रत्येक वेळी ग्रुपवर स्पीकरवरून महाभारत. नियम एकदाचे सांगा.
*एक सेक्रेटरी, कांदिवली*

नियम सोपा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम. वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देता येते, ते दिवस सरकार ठरवतं, तुमची मॅनेजिंग कमिटी नाही. राहत्या भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, आणि 55 म्हणजे साध्या गप्पा मारण्याएवढंच, म्हणजे खरं बोलायचं तर कुठलाच सण त्यात बसत नाही. गरबाही नाही, आपला ढोलही नाही.

म्हणून सेक्रेटरीसाहेब, नियम सगळ्यांना सारखा लावा. भांडण आवाजाचं नसतंच हो, ‘त्यांच्या वेळी चालतं, आमच्या वेळी बंद करता’ याचं असतं. जानेवारीतच वर्षाचा तक्ता लावा नोटीस बोर्डवर, कुणाचे कुठले दिवस, कितीपर्यंत, आणि दहा वाजता बंद करायला गणपतीवाल्याने गरब्याला सांगायचं आणि गरबावाल्याने गणपतीला. आमच्याकडे चाललंय हे चार वर्षं. पाचव्याचं माहीत नाही, नवीन कमिटी आलीय.

प्रश्न: शेजारच्या भाभी बिहारच्या, छठ करतात. दीड दिवस पाण्याचा थेंब घेत नाहीत. मला फार काळजी वाटते, मी काय मदत करू? मागच्या वर्षी मी लिंबूपाणी घेऊन गेले तर सासूबाई रागावल्या.
*एक वाचक, जोगेश्वरी*

लिंबूपाणी! तुमचं मन चांगलं आहे पण नको. खरनाच्या, म्हणजे छठच्या दुसऱ्या दिवसाच्या, संध्याकाळी गुळाची खीर खाल्ली की पुढे 36 तास निर्जळी, मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि दुसऱ्या दिवशी उगवत्याला, मग पारणं. मावळत्या सूर्यालाही हात जोडणारा सण मला तरी दुसरा माहीत नाही. त्या दिवसांत त्यांच्या स्वयंपाकघरात आणि प्रसादाच्या टोपलीला आपण हात लावायचा नाही, सोवळं कडक असतं, आपल्या आज्या करायच्या तसंच, कांदा-लसूणही बंद.

मदत म्हणाल तर खूप आहे. मुलांना संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला बोलवा, कारण घरातल्या सगळ्या बायका कामात असतात. जिन्यातल्या चपला-सायकली बाजूला करा, डोक्यावर टोपली घेऊन उतरायचं असतं त्यांना. पहाटे जुहूला जायला रिक्षा मिळत नाही, तुमच्याकडे गाडी असेल तर साडेतीनचा गजर लावून सोडायला जा, यासारखी मदत नाही. तिथे गेलात की पाण्यात कमरेएवढं उभं राहिलेल्या शेकडो बायका, सुपांतले दिवे, ऊस, आणि सूर्य यायच्या आधीची ती शांतता, बघाच एकदा.

आणि मग दुपारी भाभी ठेकुआ घेऊन येतील, कणीक-गुळाचा, तुपात तळलेला. नको म्हणायचं नाही, अशा प्रसादाला नाही म्हणत नाहीत. आठ-दहा दिवस टिकतो म्हणतात. आमच्याकडे मुलं शाळेतून येईपर्यंतच टिकला.